जिन्याखालच्या देवांची बदली

या, असे पुढे सरका. मागे भिंतीला टेकून बसलात की डोळा लागतो, आणि मग उत्तररंगात काय झालं ते शेजाऱ्याला कोपरानं ढोसून विचारत बसता. सतरंजीवर जागा पुष्कळ आहे. चपला बाहेर, मोबाइल मुका, आणि कान इकडे. आज भाईंदर पूर्वेला, गोडदेवात राहणाऱ्या सीताराम पेडणेकरांची गोष्ट सांगतो. हिच्यात राक्षस नाही, युद्ध नाही, स्वयंवरही नाही. एक जिना आहे, जिन्याखाली देव आहेत, आणि देवांच्या मागे एक संडास आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. पुढे एक बाई दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही. तिथं मी कुणाला हसू देणार नाही.

तर सीतारामपंत. 'सागरमोती' सोसायटीचे सेक्रेटरी. का, तर दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं. उभी नोकरी विमा कंपनीच्या जावक विभागात झालेली. कुठलीही अडचण पाकिटात घालून, वर दुसऱ्याचा पत्ता टाकून पाठवली की ती सुटते, अशी त्यांची तेव्हापासूनची श्रद्धा. दुसरी श्रद्धा कीर्तनावर. कीर्तन गोडदेवात असो की नवघरला, पंत पहिल्या रांगेत, कपाळाला बुक्का, हातात झांजा. बुवांनी पूर्वरंगात एखादा अवघड सिद्धांत मांडला की पंत मान डोलवायचे. कळला म्हणून नव्हे. बुवांना बरं वाटावं म्हणून. माणूस मनानं मऊ. त्यांच्या सौ. सावित्रीबाई म्हणायच्या, "यांना साखरेची गोळी घ्यायची आठवण मी करायची. झांजांची आठवण कुणाला करावी लागत नाही."

आता जिन्याखाली देव कसे आले तेही ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

बिल्डरनं इमारत बांधताना जिन्याखाली कामाच्या माणसांसाठी एक छोटा संडास काढून दिला होता. यथावकाश त्याच्या नळाचं पाणी गेलं, दार फुगून बसलं आणि वॉचमननं, पुरुष माणूस तो, आपली सोय बाहेर शोधली. बंद दारासमोरचा अंधारा कोपरा पाहून येणारे-जाणारे पानाच्या पिचकाऱ्या मारायला लागले. पंतांनी सूचना लावली, तिच्यावरही थुंकले. शेवटी पंतांनी आपल्याकडे सगळे करतात तेच केलं. दारावर प्लायवूडची फळी ठोकून घेतली आणि तिच्यावर देवांच्या टाइल्स चिकटवल्या. बाजारात या टाइल्स सेटमध्येच मिळतात. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्केचं चित्र, गुरू नानक, महावीर. म्हणजे कुठल्याही धर्माचा थुंकणारा सुटू नये. आणि खाली एक साधी टाइल: 'येथे थुंकू नये'.

थुंकणं थांबलं. पण आठवड्याभरात गणपतीला कुणीतरी जास्वंद वाहिलं. मग पहिल्या मजल्यावरच्या हेमालीबेननी दिवा आणला. मग घंटा आली. मग गुरुवारची आरती सुरू झाली आणि पंतांच्या झांजांना हक्काचं ठिकाण मिळालं. मागं संडास आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते बोलायचं नाही असं न बोलताच ठरून गेलं. देवांसमोर कसलं ते नाव काढायचं?

इतकी वर्षं त्यावाचून कुणाचं अडलंही नव्हतं. अडलं ते सरोजाबाईंचं.

सरोजाबाई म्हणजे इमारत झाडणाऱ्या बाई. मूळ परभणीकडच्या, राहायला पार काशिमिऱ्याच्या पलीकडे. दोन रिक्षा बदलून सकाळी यायच्या ते दुपार कलल्यावर सुटायच्या. नेमणूक पेणकरपाड्याच्या बबन म्हात्रेची. हा बबन हाउसकीपिंगचा कंत्राटदार. आसपासच्या चार-सहा इमारतींना माणसं पुरवायचा. तळमजल्यावर एक फ्लॅट रिकामा होता, त्याची चावी वॉचमनकडे असायची, तोवर सरोजाबाईंचं भागलं. तो फ्लॅट विकला गेला. नाक्यावरच्या सार्वजनिक शौचालयाला पाणी नाही म्हणून टाळं. तेव्हा बाईंनी स्वतःच एक उपाय काढला: घरून निघाल्यापासून घरी जाईपर्यंत पाणीच प्यायचं नाही.

आणि एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, हातात पोछा तसाच, बाई चक्कर येऊन बसल्या.

पंतच त्यांना रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेले. लघवीला जंतुसंसर्ग, खडा होण्याची लक्षणं. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. परत येताना पंतांनी वडीलधाऱ्या सुरात दोन शब्द सुनावले, "सरोजाबाई, अहो पाणी तर फुकट आहे. पीत का नाही?"

बाई रिक्षाच्या बाहेर बघत म्हणाल्या, "पिऊन जाऊ कुठं, साहेब?"

पंतांना आयुष्यात पहिल्यांदाच असा प्रश्न मिळाला की जो कुठल्याच पत्त्यावर पाठवता येईना.

"वहिनी म्हणत्यात, वर या, आमच्या घरी जावा. दोनदा गेले बी. तुम्ही सोफ्यावर पेपर वाचत बसलेले, मी समोरनं आत जायचं... रोज रोज कुनाच्या घरात असं जायला जीव होत न्हाई. काम सोडायला परवडत न्हाई, अन् आजारी पडायला बी परवडत न्हाई. ह्या महिन्यात काही जागा झाली तर बघा. न्हाईतर सोडते."

पंतांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "जिन्याखाली आहे की जागा! आठवड्यात उघडून देतो." त्यांना वाटलं, एवढंसं काम. फळी काढायची, नळ जोडायचा, दार घासायचं. श्रोतेहो, 'एवढंसं काम' हे शब्द ज्या मुहूर्तावर उच्चारले जातात, तो मुहूर्त पंचांगात काळ्या शाईनं छापायला हवा.

रविवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून सभा भरली. पंतांनी विषय काढला.

हेमालीबेन सोसायटीच्या खजिनदार. "सीतारामभाई," त्या म्हणाल्या, "आपण तर बबनभाईला कॉन्ट्रॅक्ट दिलाय ने? बाई एनी, त्याची, तर संडास पण त्याचाच असायला पाहिजे."

पंतांनी तिथूनच, स्पीकर लावून, बबनला फोन केला. बबन म्हणाला, "सेक्रेटरी, जागा तुमची हाय. इमारत तुमची हाय. माझ्या हापिसात मनाच बसायला टेबल न्हाय, मी बाईला संडास कुठून देऊ? खिशातून कारू?"

"म्हणजे मालक तुम्ही, पण सोय आमची?"

"मी कसला मालक! मालक तुम्ही. मी नुसता माणसं धाडतो." आणि फोन ठेवला.

तेव्हा भूपेश उठला. हा तिसऱ्या मजल्यावरचा. धंदा फ्लॅट विकण्याचा, पण तरुणपणी वकिलीच्या पहिल्या वर्षाला बसून आलेला. ते एक वर्ष त्यानं असं जपून वापरलं होतं की अजून संपलं नव्हतं.

"एक मिनिट काका. कंत्राटी कामगारांचा कायदा आहे. पिण्याचं पाणी, संडास, आराम करायला जागा, प्रथमोपचार. ह्या सोयी कॉन्ट्रॅक्टरनं दिल्या नाहीत तर मुख्य मालकानं द्यायच्या. आणि मुख्य मालक कोण? ज्याच्या जागेत काम चाललंय तो. म्हणजे आपण."

आपण कुणाचे तरी मालक आहोत हे ऐकून काही जण ताठ बसले, काही जण उठायच्या बेतात आले.

"मग झालं!" पंत म्हणाले. "आपण मालक, आपण उघडू."

"थांबा हो. पुढे ऐका. आपण त्या बाईंना स्वतः कामं सांगायला लागलो, इकडे झाड, तिकडे पूस, तर उद्या कोर्ट म्हणेल, कॉन्ट्रॅक्ट नुसतं नावाला आहे, बाई तुमच्याच नोकर. मग पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा, सगळं आपल्या गळ्यात. अशा केसेस झाल्यात."

"पण मुख्य मालक आपणच ना?"

"मुख्य मालक, हो. मालक, नाही. मालक व्हायचं नसेल तर बोलायचं नाही."

पंतांनी सवयीनं मान डोलवली. पूर्वरंगात डोलवायचे तशीच.

आणि त्या सभेत एक ठराव झाला. संडासाचा नव्हे, तो पुढच्या सभेवर गेला. ठराव असा की, यापुढे एकाही सभासदानं सरोजाबाईंशी थेट बोलायचं नाही. काय सांगायचं ते बबनला फोन करून सांगायचं, बबन बाईंना सांगेल. सूचक भूपेश, अनुमोदक हेमालीबेन, आणि लिहून घेणारे, दुर्दैवानं, सीताराम पेडणेकर.

दुसऱ्याच दिवशी गच्चीवरची टाकी वाहायला लागली. जिन्यावरून पाण्याचा ओहोळ. सरोजाबाई पंतांच्या दारासमोरच पोछा घेऊन उभ्या. पंतांनी तोंड उघडलं, ठराव आठवला, तोंड मिटलं आणि खिशातून फोन काढला.

"हॅलो बबन. सरोजाबाईंना सांगा, वर जाऊन पंप बंद करा म्हणून."

दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या सरोजाबाईंचा फोन वाजला. त्या "हॅलो" म्हणाल्या. "व्हय दादा. कुठं? सागरमोतीतच हाय. पंप? बंद करते." आणि पंतांकडे बघत वर गेल्या. पंत छताकडे बघत राहिले. तोवर पाणी त्यांच्या उंबऱ्यातून आत येऊन दिवाणाखालच्या कीर्तनाच्या कॅसेटी भिजवून गेलं होतं.

चहाचा प्रसंग तर विचारूच नका. सावित्रीबाई रोज अकराला सरोजाबाईंना कपभर चहा द्यायच्या; बाई त्यातले जेमतेम दोन घोट घ्यायच्या. भूपेश जिन्यात भेटला आणि म्हणाला, "काकू, जपून. चहा म्हणजे कॅन्टीनची सोय धरतील."

सावित्रीबाईंनी किटली खाली ठेवली. "असं? मग तुझ्या आईला मी आल्याचा चहा देते, ती काय माझ्याकडे नोकरीला आहे?" आणि नवऱ्याकडे वळून, "अहो, लावा तुमच्या बबनला फोन. म्हणावं, चहा गाळलाय, आधी पेणकरपाड्याला पाठवू की थेट बाईंना देऊ?"

पंत बिचारे दोन्हीकडून पिचले. त्यातून सरोजाबाईंची समजूत निराळीच झाली. चार दिवस इमारतीतलं चिटपाखरू बोलेना. रोज "काय बाई, आज उशीर?" म्हणणारे शेजारचे अन्सारीसाहेबसुद्धा मान खाली घालून जायचे. एका सकाळी बाईंनी पंतांना फाटकापाशी गाठलं.

"साहेब, माझं काही चुकलं का? मला काढायचं ठरलंय का? तसं असंल तर तोंडावर सांगा. पन असं मुकं नका होऊ."

पंतांच्या घशाशी आलं, बाई, तुमचं काही चुकलं नाही. ओठापर्यंत आलं. आणि जावक विभागातला माणूस आड आला. त्यांनी पाठ फिरवून बबनला फोन लावला, "सांगा त्यांना, काही चुकलं नाही म्हणून."

मागं बाईंचा फोन वाजला. बाईंनी तो उचलला नाही. झाडू घेतला आणि जिना झाडायला लागल्या.

त्या दिवशी पंतांना जेवण गेलं नाही. सकाळपासून बाईंनी पाणी प्यायलं नसणार, आणि आपण मात्र फोनवर फोन करतोय, हे त्यांच्या डोक्यातून जाईना. आपण मालक आहोत की नाही, हे एकदा कुणीतरी सरकारी माणसानं सांगून टाकावं म्हणून ते ठाण्याला कामगार खात्याच्या कचेरीत गेले. तिथं एक तरुण अधिकारी भेटल्या. पंतांनी सगळं सांगितलं. संडासाच्या जागी आवाज बारीक केला, देवांच्या जागी मोठा.

"तुमच्याकडे कंत्राटी कामगार किती?"

"एक बाई."

"आणि त्या कंत्राटदाराकडे?"

"असतील सहा-सात."

"मग काका, तो कायदा तुम्हाला लागत नाही. आधी वीस माणसांना लागायचा, आपल्या राज्यानं ते पन्नास केले. आता नव्या संहिता आल्यात, तिथंही संख्या आहेच."

"म्हणजे आम्ही मुख्य मालक नाही?"

"त्या कायद्यानं नाही."

"म्हणजे दुसऱ्या कायद्यानं आहोत?"

"किमान वेतनाचं वगैरे वेगळं बघावं लागतं."

"पण मग मालक कोण?"

अधिकारी बाईंनी चष्मा काढला. "काका, तुम्हाला त्या संडासाचं दार उघडायचंय ना? कायदा लागत नाही म्हणजे उघडायला बंदी आहे, असं कुठं वाचलंत?"

पंतांना हे फार पटलं. ते म्हणाले, "हे जरा लेखी द्याल का?"

"काय लेखी देऊ? 'दार उघडावे'?"

पंत म्हणाले, "चालेल." बाई हसल्या आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

वाटेत त्यांना पालिकेत नोकरीला असलेले एक ओळखीचे गृहस्थ भेटले. त्यांना विचारलं, तर ते घाबरून म्हणाले, "जिन्याखाली धार्मिक बांधकाम? पेडणेकर, अर्ज करू नका! मलाही सांगू नका. कुणाला कळलं तर कारवाई करावी लागेल." मग जाता जाता दोनदा मागं वळून पाहिलं. पंत येताना अर्धे गोंधळले होते, आता पूर्ण झाले.

उरला एकच दरबार. नवघरला बुवांचं कीर्तन होतं. पंत पहिल्या रांगेत होते, पण झांजा चुकत होत्या. बुवांच्या ते लक्षात आलं. आरतीनंतर खडीसाखर हातावर ठेवत त्यांनी विचारलं, "पेडणेकर, आज ठेका कुठं हरवला?"

पंतांनी सगळं ओतलं. देव हलवावेत तर पाप, न हलवावेत तर बाई मरते.

बुवा म्हणाले, "प्राणप्रतिष्ठा केली होती का?"

"नाही बुवा. पांढरं सिमेंट लावलं होतं."

"मग बसवलंत कशाला?"

"लोक थुंकायचे म्हणून."

बुवा इतके हसले की त्यांची पगडी सरकली. "अहो, म्हणजे तुम्ही देव बसवले नाहीत, देव कामाला लावलेत! राखणीला! अंधाऱ्या कोपऱ्यात, रात्रंदिवस, सुट्टी नाही, आराम नाही. वर पगार विचाराल तर जास्वंदीचं एक फूल. पेडणेकर, देव तुमच्याकडे कंत्राटी आहेत."

पंतांचा चेहरा एवढासा झाला. इतक्या वर्षांच्या आरत्या, त्या झांजा, तो गजर! "बुवा, मी मनापासून म्हणत होतो हो," ते कसेबसे म्हणाले.

बुवांचं हसू थांबलं. त्यांनी पंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "ते पोचलंय. त्याची काळजी करू नका. आणि कामावरच्याची बदली करता येते. त्याला नीट विचारा, आणि जिथं पाठवाल तिथं त्याची सोय बघा. देवाला काय, बाईंना काय, हेच."

पंतांनी मान डोलवली. या वेळी कळलं म्हणून.

बदलीची जागा ठरली: फाटकाजवळ, मीटरच्या खोलीबाहेरची भिंत. उजेड, वारा, आणि अलीकडे तिथंही लाल ठिपके दिसू लागले होते. पंत स्वतः दारोदार फिरले. अन्सारीसाहेब म्हणाले, "अरे पेडणेकरजी, हमसे क्या पूछना? चिपकाया भी आपने, उतारो भी आप. बस गिराना मत." हेमालीबेननी मुहूर्त काढून दिला. भूपेश म्हणाला, "मी व्हिडिओ काढतो. पुरावा असलेला बरा." कसला पुरावा ते त्यानं सांगितलं नाही.

गवंडी म्हणाला, टाइल्स सुट्या काढल्या तर फुटतील, अख्खी फळीच उचला. म्हणून अख्खी फळी उचलायचं ठरलं. पालखीसारखी. पुढे हेमालीबेन निरांजन घेऊन, एका टोकाला गवंडी, दुसऱ्या टोकाला अन्सारीसाहेब, मधे पंत, गळ्यात झांजा अडकवलेल्या, आणि बाजूला भूपेश मोबाइल धरून चालतोय. मागून सरोजाबाई, पडलेलं सिमेंट झाडायला. त्यांना अर्थातच बबननं फोन करून उभं केलं होतं. त्या कुणाकडे बघत नव्हत्या. महिना संपत आला होता, आणि हातातलं काम संपवून निघायचं अशी त्यांची मुद्रा होती.

जिन्याखालून बाहेर पडेपर्यंत ठीक होतं. पण इतकी वर्षं संडासाच्या ओलीला लागून असलेलं ते प्लायवूड खालून कुजलं होतं. पार्किंगच्या मधोमध आल्यावर 'कर्रर्र' आवाज झाला आणि गवंड्याच्या हातात नुसता भुसा राहिला. फळी एका अंगाला कलली. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का, सगळे एकदम सरोजाबाईंच्या बाजूला झुकले.

आणि इथं, श्रोतेहो, सीताराम पेडणेकरांनी काय करावं? एका हातानं देव धरले, आणि दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला.

"हॅलो बबन! बबन! सरोजाबाईंना सांगा, खालून धरा!"

"कोनाला? काय धरा?"

"देव! देव धरा म्हणावं!"

"थांबा, लावतो."

सरोजाबाईंच्या कमरेला फोन वाजायला लागला. त्यांच्या एका हातात झाडू, दुसऱ्या हातात कचऱ्याची सुपली. त्यांनी पंतांकडे बघितलं. पंतांनी त्यांच्याकडे बघितलं. फोन वाजतोय. फळी येतेय. हेमालीबेन डोळे मिटून कुठलासा मंत्र म्हणतायत.

"बाई, धरा!" पंत ओरडले. "सरोजाबाई, धरा हो! खालून! खांदा लावा!"

बांध फुटला. "बाई, संभालके!" "सरोजाबेन, पकडो पकडो!" वरच्या गॅलरीतून सावित्रीबाई, "सरोजा, पाय मागं घे, पाय!" महिनाभर मुकी झालेली इमारत एकाच वेळी बोलायला लागली. आणि सगळ्यात मोठ्यानं, व्हिडिओ काढता काढता, खुद्द भूपेश ओरडला, "उजवीकडून घ्या मावशी, उजवीकडून!"

बाईंनी सुपली टाकली, झाडू टाकला आणि सगळ्या धर्मांना एकदम खांद्यावर घेतलं. फळी थांबली.

एकच टाइल निसटून फुटली. ती देवाची नव्हती. 'येथे थुंकू नये' ची होती.

सगळे धापा टाकत उभे. भूपेशनं मोबाइल खाली घेतला. "काका," तो म्हणाला, "झालं. सगळं रेकॉर्ड झालंय. सगळ्यांनी थेट सूचना दिल्यात. आता बाई आपल्याच."

पंतांच्या कपाळावरून घाम वाहत होता, त्यात बुक्का मिसळून एक काळा ओघळ नाकावर आला होता. "मग?" ते म्हणाले. "आपल्या नव्हत्या तर कुणाच्या होत्या रे?"

त्यांच्या खिशातून बारीक आवाज येत होता. बबन अजून फोनवर होता. "हॅलो सेक्रेटरी! ती उचलत न्हाय. काय सांगायचं हाय तिला?"

"काही सांगू नका," पंत म्हणाले. "मीच बोलतोय तिच्याशी."

आणि बोलले. सगळ्यांच्या देखत म्हणाले, "सरोजाबाई, तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मी पाठ फिरवली. चुकलं माझं. तुमचं काही चुकलं नव्हतं."

बाई फळीखालूनच म्हणाल्या, "ते राहू द्या साहेब. आधी ह्यांना भिंतीला टेकवा. खांदा दुखायलाय."

फळीमागचं दार उघडलं तेव्हा आत मोडक्या खुर्च्या, बिल्डरची जुनी पाटी आणि हेमालीबेनची कित्येक वर्षांपूर्वी हरवलेली ढोकळ्याची थाळी निघाली. ती तिथं कशी गेली यावर वेगळी सभा भरली, ती सोडून देऊ. प्लंबर आला, नळ आला, दिवा आला. बबननं, 'आपलं पन काहीतरी असावं' म्हणून, नवीन बादली पाठवली. भूपेशनं दारावर लावायला एक पाटी लिहून आणली. ती 'सदर सोय ही मुख्य मालक या नात्याने दिलेली नसून' अशी सुरू होत होती. पुढचं वाचायला कुणी थांबलंच नाही.

दार बसवून झाल्यावर पंतांनी सरोजाबाईंना विचारलं, थेट, तोंडानं, "बघा, अजून काही हवंय का?"

बाईंनी आत जाऊन दार ओढून बघितलं. बाहेर आल्या. "कडी तेवढी आतनं नीट लागंना."

गवंड्याला परत बोलावलं. कडी लागली. चावी हेमालीबेनना ऑफिसच्या खिळ्यावर हवी होती. सावित्रीबाईंनी ती उचलली आणि सरोजाबाईंच्या हातात ठेवली.

पुढच्या गुरुवारी फाटकापाशी, उजेडात, देवांची आरती झाली. पंतांचा ठेका जागेवर होता. आरती संपली तेव्हा सरोजाबाई काम आटोपून जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. सावित्रीबाईंनी त्यांच्यापुढे पितळेचा तांब्या ठेवला. बाईंनी तो वर उचलला आणि प्यायला सुरुवात केली. मधे थांबल्या नाहीत. घटाघट. सगळा. पंतांनी झांजा खाली ठेवल्या. आजवर त्यांनी मोठमोठ्या बुवांचे गजर ऐकले होते, पण इतका वेळ इतकं कान देऊन त्यांनी काही ऐकलं नव्हतं.

मालक कोण, हे पंतांना अजून कळलेलं नाही. भूपेश म्हणतो आपण, बबन म्हणतो तुम्ही, बुवा वर बोट दाखवतात. पंत तिघांपुढेही मान डोलवतात.

उठायची घाई नको. प्रसाद सगळ्यांना पुरेल. जाता जाता माझं एक मागणं आहे. उद्या सकाळी तुमच्या इमारतीचा जिना उतरताना तो ओला, नुकताच पुसलेला दिसेल. तेव्हा कडेनं जा, आणि सरोजाबाईंची आठवण ठेवा. आणि जिना पुसणारी बाई तिथं उभी असेल तर तिला तोंडानं, थेट विचारा: बाई, सकाळपासून पाणी प्यायलात का?